चढ आला की

दिगंबरने नम्रताच्या पर्समधून आधी पाण्याची बाटली काढली, मग छत्री, मग किल्ल्यांचा जुडगा, आणि शेवटी ती सगळी पर्सच उचलून शोरूमच्या टेबलावर ठेवली.

"सव्वा किलो आहे ही," तो म्हणाला. "सव्वा किलो उगाच वागवायचं?"

"मोबाइल?"

"तो राहू दे. पण बंद करून ठेव."

बंद केल्याने मोबाइलचं वजन कमी होत नाही, हे नम्रताने बोलून दाखवलं नाही. सकाळी तिने नेसायला घेतलेली साडीही त्याने परत ठेवायला लावली होती. साडीला वारा लागतो, वाऱ्याने गाडी मागे ओढली जाते, म्हणून पंजाबी ड्रेस. ड्रेसची ओढणीही आता पर्सच्या शेजारी घडी होऊन पडली होती. मोबाइलच्या कव्हरमागे शंभराच्या दोन नोटा दुमडून ठेवलेल्या होत्या, त्या मात्र दिगंबरच्या हाताला लागल्या नाहीत. लागल्या असत्या तर त्यांचंही वजन निघालं असतं.

वारज्यातल्या त्या शोरूमच्या दारात रविवारी सकाळी साडेसातला वीस-बावीस जोडपी आपापल्या गाड्या घेऊन उभी होती. मालक रणजित याने जुन्या गिऱ्हाइकांसाठी स्पर्धा ठेवली होती. प्रत्येक गाडीची टाकी रिकामी करायची, मापाने दोनशे मिली पेट्रोल घालायचं आणि नवराबायकोने डबलसीट निघायचं. गाडी जिथे बंद पडेल तिथे मोजणी. जी जोडी सगळ्यात लांब जाईल तिला बॅटरीवरची कोरी स्कूटर. अट एकच, मागचं माणूस शेवटपर्यंत मागे बसलेलं पाहिजे. प्रत्येक गाडीच्या मागे शोरूमचं एक माणूस देखरेखीला. दारावर फलक लावला होता, 'पेट्रोल आम्ही देऊ, भांडण घरून आणू नये.'

दिगंबर हसला नाही. त्याच्या दृष्टीने हा थट्टेचा विषयच नव्हता.

अहो, या माणसाने आयुष्यात काय कमावलं, तर लिटरला बावन्न पूर्णांक चार! अकरा वर्षांची गाडी, कंपनीने छापलेला आकडा पंचेचाळीसचा, आणि हा काढतो बावन्न पूर्णांक चार. सोसायटीच्या गणपतीत त्याचं यावर भाषण झालं होतं. सिग्नलला वीस सेकंदांच्या वर थांबायचं असेल तर इंजिन बंद. दर मंगळवारी टायरमधली हवा. ब्रेक मारावा लागणं म्हणजे आधी उगाच पळवलेलं पेट्रोल. शिवाय लिफ्ट नको, गिझर नको, फ्रिज थंडीत बंद. "आपण जेवढं कमी वापरू तेवढं पुढच्या पिढीला उरेल," असं तो म्हणायचा, आणि लोक टाळ्या वाजवायचे. बोलणं काही खोटं नव्हतं. त्या टाळ्या ऐकताना नम्रता मागच्या रांगेत बसून गुडघा चोळत होती, एवढंच.

कारण बावन्न पूर्णांक चारमधले निदान तीन-चार तरी तिचे होते. त्यांची सोसायटी टेकडीच्या पोटाशी. चढ सुरू झाला की दिगंबर गाडी चालण्याच्या वेगावर आणायचा, पूर्ण थांबवायचा नाही, आणि डाव्या हाताने मागे तिच्या गुडघ्यावर दोनदा थोपटायचा. की ती उतरायची. तो वर जायचा, ती मागून चालत यायची. पिशव्या असल्या तर पिशव्यांसकट. सव्वीस वर्षं हे असं चाललं होतं.

पहिल्यांदा ते घडलं तेव्हा लग्नाला दोन महिने झाले होते. सिंहगडाच्या चढावर जुनी स्कूटर धापा टाकायला लागली, तेव्हा त्याने असंच थोपटून विचारलं होतं, "राणीसाहेब, खाली उतरण्याची कृपा कराल का?" ती हसत सुटली होती. वळणावर तो पेरूच्या फोडी घेऊन उभा होता, तिखट-मीठ लावलेल्या. पुढे पेरू गेले, मग राणीसाहेब गेल्या, मग शब्दच गेले. थोपटणं तेवढं राहिलं. गेल्या वर्षी डॉक्टरांनी चढ-उतार कमी करा म्हणून सांगितलं, तर दिगंबरने कुठूनसा आलेला मेसेज वाचून दाखवला, चढ चालल्याने गुडघ्याची झीज भरून निघते म्हणून. झालं, विषय संपला.

तरी हेही तिने पचवलं असतं. तिला पचत नव्हतं ते वाघोली.

वाघोलीला तिचं माहेर. भाऊ महिपती आणि वहिनी यांच्याजवळ तिची आई, सोजरबाई. वारजे ते वाघोली जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर, म्हणजे जवळजवळ एक लिटर. म्हणून वाघोली महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी. हा दिगंबरचा नियम. ती दोनदा एकटीच गेली होती, बस, मेट्रो, परत बस करून. दोन्ही वेळा परत आल्यावर चार-चार दिवस घरात अबोला. तो ओरडत नाही, ताटावरून उठत नाही, फक्त बोलत नाही. 'ठरलेलं असताना' एवढे दोनच शब्द पहिल्या रात्री बोलतो. मग तिनेही सोडून दिलं.

आणि इकडे सोजरबाई दोन वर्षांपासून माणसं विसरायला लागली होती. महिन्याने नम्रता गेली की ती खाटेवरून मान वर करून विचारायची, "आपण कोण? बसा ना."

आपण! पोटच्या पोरीला आपण! नम्रता दर महिन्याला आपली ओळख करून द्यायची, आणि निघायच्या वेळेपर्यंत आईच्या डोळ्यांत काहीतरी ओळखीचं यायला लागायचं, तोवर दिगंबर खाली गाडीजवळ उभा असायचा. दूधवाल्याला सोजरबाई ओळखायची. त्याच्या बायकोची, पोरांची चौकशी करायची. तो रोज येतो ना. नम्रताच्या मनाने एकच धरलं होतं, की आपण आठवड्याला जरी गेलो तरी आई आपल्याला धरून ठेवील. गाडी तिला लग्नाआधी यायची. महिपतीच्या मोपेडवरून तिने अख्खी वाघोली पालथी घातली होती, तेव्हा वाघोली गाव होतं. पण दुसऱ्या गाडीचं नाव काढलं की दिगंबर म्हणायचा, "एका घरात दोन गाड्या, हा निव्वळ माज आहे."

म्हणून स्पर्धेचं पत्रक हातात घेऊन तो जेव्हा म्हणाला, "जिंकलो तर ती तुझी, बॅटरीवरची आहे, जा खुशाल वाघोलीला," तेव्हा तिने दोनदा विचारलं होतं, "नक्की ना?" आणि गेले पंधरा दिवस ती रात्रीची एकच पोळी खात होती. वजन कमी करायला. त्याने सांगितलं नव्हतं, तीच आपली खात होती.

शोरूमच्या टेबलामागे सर्व्हिस काउंटरवरची अक्षता बसली होती. तिशीची, बोलायला चटपटीत. त्यांच्या गाडीमागे देखरेखीला तीच येणार होती. तिने फॉर्म पुढे सरकवला.

"काका, बक्षिसाची गाडी कोणाच्या नावावर करायची ते इथे लिहा."

दिगंबरने लिहिलं. नम्रता त्याच्या खांद्यावरून वाचत होती. त्याने स्वतःचं नाव लिहिलं, शाई वाळावी म्हणून फुंकर मारली आणि फॉर्म परत दिला.

"अहो," ती म्हणाली.

"अगं, विचार केला मी. ती बॅटरीवरची मी नेतो हडपसरला, कामावर. रोजचे अठरा जाताना, अठरा येताना. खरी बचत तिथे आहे, तुझ्या वाघोलीत काय आहे?"

"मग ही जुनी मी—"

"ही काढून टाकू. दोन गाड्या काय करायच्या घरात?" तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याने आवाज जरा मऊ केला. "आणि वाघोलीला मी नेईन की महिन्यातून दोनदा. बॅटरीवर परवडतं. मग तर झालं?"

अक्षताने फॉर्मवर शिक्का मारताना वर पाहिलं आणि पुन्हा खाली पाहिलं. तिने नम्रताच्या पाठीवर सेफ्टी पिनांनी सतरा नंबरचा कागद लावला. लावताना उगाचच तिची पाठ सारखी केली.

दोनदा. नम्रताने हेल्मेटचा पट्टा लावता लावता तो शब्द मनात फिरवून पाहिला. एकापेक्षा दोन बरे. पंधरा दिवसांत आई थोडी कमी विसरेल. कपाळाला आठी घालून बसण्यापेक्षा गाडीवर बसावं, जिंकावं, मग पुढचं पुढे. ती मागे बसली आणि त्याने शिकवल्याप्रमाणे कोपर आत घेऊन त्याच्या पाठीला चिकटली.

दिगंबर गाडी खरंच सुंदर चालवायचा, हे कबूल केलं पाहिजे. चाळीसच्या आकड्यावर सुई खिळल्यासारखी. महामार्गाच्या कडेने बाकीच्या जोड्या पुढे पळत होत्या, तो हसून मान हलवत होता. "जाऊ देत. बावधनच्या आत झोपतात की नाही बघ." मागे अक्षता आपल्या गाडीवर, आवाज न करता. उताराला त्याने मूठ सोडून दिली आणि गाडी नुसती वाहू दिली. नम्रतालाही बरं वाटलं. हवेत गारठा होता. एक जोडी कडेला थांबलेली दिसली, बाई नवऱ्याला काहीतरी सुनावत होती. दिगंबर मोठ्याने हसला, आणि नम्रताही हसली. कितीतरी महिन्यांनी दोघं एका गोष्टीला हसले होते.

मग चांदणी चौकाचा चढ आला.

इंजिनाचा आवाज जड झाला. दिगंबरचे खांदे वर गेले, मान पुढे झाली. गाडी हळू झाली, आणखी हळू, आणि नम्रताच्या गुडघ्यावर दोनदा थोपटलं गेलं.

ती उतरली.

पाय जमिनीला लागल्यावर दोन पावलं ती सवयीने कडेलाही सरकली. गाडी मोकळी होऊन पुढे गेली. दिगंबरच्या पाठीकडे बघूनच कळत होतं की गडी खूश झाला आहे. खांदे खाली आले, मान सैल झाली. गाडी काय सुरेख चढतेय! तीस-चाळीस पावलं तो तसाच वर गेला. मागचं माणूस नाही, हे त्याच्या लक्षात आलंच नाही.

अक्षताने जोरात हॉर्न वाजवला, तेव्हा त्याने आरशात बघितलं.

तो वळून खाली आला. इंजिन चालूच होतं. तोंड लालबुंद.

"उतरलीस कशाला? अक्कल आहे का तुला? उतरायचं नाही ही एकच अट होती, एकच!"

"तुम्ही थोपटलंत," नम्रता म्हणाली.

"मी? काहीतरीच काय बोलतेस!"

"थोपटलंत काका," अक्षता म्हणाली. "दोनदा. मी मागेच होते."

दिगंबरने आपल्या डाव्या हाताकडे बघितलं. तो ब्रेकच्या दांडीवर साळसूदपणे बसला होता. तो खोटं बोलत नव्हता, हे नम्रताला स्पष्ट दिसलं. त्याला खरोखरच माहीत नव्हतं. सव्वीस वर्षं हा हात तिला चढाखाली उतरवत आला, आणि त्याच्या मालकाला त्याचा पत्ताच नव्हता. तिला एकदम इतका राग आला की हेल्मेटच्या आत कान गरम झाले. त्याने मुद्दाम केलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

अक्षताने मागे वळून रस्ता पाहिला. हातातला कागद तिने घडी करून खिशात घातला.

"हे बघा, मी अजून काही लिहिलेलं नाही. चूक झाली, होते. काकू, बसा पटकन. मी काही पाहिलं नाही."

नम्रताने सीटवर हात ठेवला. सीट अजून कोमट होती. महिन्यातून दोनदा. टाकीत अजून निम्म्याच्या वर पेट्रोल होतं, गाडी नेमाने चालली होती, जिंकणारच होते. तिने पाय उचलायला घेतला.

"बस ना लवकर!" दिगंबर खेकसला. "नुसतं उभ्या उभ्या जळतंय पेट्रोल!"

तिचा पाय तिथेच राहिला. सीटवरचा हातही तिने काढून घेतला.

"चढ आहे," ती म्हणाली. "तुम्ही व्हा पुढे. मी येते."

हे वाक्य तिने हजारदा म्हटलं असेल. भाजी घेऊन येताना, दवाखान्यातून येताना, एकदा तर तापाने फणफणलेली असतानाही. त्यामुळे त्याचा अर्थ दिगंबरच्या डोक्यात शिरायला वेळ लागला.

"अगं, स्पर्धा आहे ही!"

"माहीत आहे."

"गाडी जाईल हातची. तुझ्यासाठीच करतोय ना हे सगळं?"

नम्रताने हेल्मेट काढलं, अक्षताच्या हातात दिलं. दिगंबरने एकदा अक्षताकडे बघितलं, एकदा टाकीकडे, आणि एवढ्या मोठ्या रस्त्याला सांगावं तसा म्हणाला, "घातलेलं पेट्रोल आहे, ते वाया का घालवायचं? कुठवर जाते बघतो तरी." आणि गेला. एकटा. चढावर गाडी खरोखरच फार सुरेख चालली होती.

"काकू, तुम्ही पण ना," अक्षता म्हणाली. तिला राग आला होता की हसू येत होतं ते तिचं तिलाच कळेना. "घरी सोडू?"

"वनाजला सोडता? मेट्रोपाशी."

पौड रस्त्याच्या उताराला अक्षताने विचारलं, "येते का हो तुम्हाला गाडी?"

"यायची," नम्रता म्हणाली.

मेट्रोच्या सरकत्या जिन्यापाशी 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी होती. ती कठडा धरून पायऱ्या चढली. एकेका पायरीला गुडघा बोलत होता. डब्यात एका बाईने विचारलं, मॅरेथॉनला गेला होतात का म्हणून, तेव्हा पाठीवरचा कागद तिच्या ध्यानात आला. हात मागे पोचेना. राहू दे म्हणाली आणि मोबाइल सुरू केला. दिगंबरचा फोन आलेला नव्हता, मेसेज होता. 'तेरा पूर्णांक एक. तू असतीस तर जिंकलो होतो.' तिने तो दोनदा वाचला. ती असती तर तेरा झालेच नसते, हे त्याला कोणी सांगावं!

रामवाडीला उतरून बस. बसमध्ये उभं राहून वाघोली. महिपतीच्या इमारतीची लिफ्ट चालू होती. लिफ्टमध्ये बटण दाबताना तिला उगाच चोरी केल्यासारखं वाटलं.

वहिनीने दार उघडलं. "अय्या, तुम्ही? मागच्याच रविवारी तर येऊन गेलात. दाजी कुठं हायेत? आणि ह्यो पाठीवर नंबर कसला?"

"काढ तेवढा," नम्रता म्हणाली. "सांगते मग."

सोजरबाई गॅलरीतल्या खाटेवर उन्हात पाय पसरून बसली होती. नम्रता खाटेच्या कडेला टेकली. आज ओळख करून द्यायची नाही, असं तिने बसमध्येच ठरवलं होतं. विचारलं, आपण कोण, तर शेजारीण आहे म्हणून सांगायचं, आणि नुसतं बसायचं. तिने आईच्या पावलांवरची चादर नीट केली. सोजरबाई तिच्याकडे बघत राहिली. खाली रस्त्यावर डंपर चालले होते, गॅलरीचं लोखंड थरथरत होतं. तेवढ्यात सोजरबाईच्या कपाळावरची आठी हलली. तिने आपला सुरकुतलेला हात पुढे केला, नम्रताच्या गुडघ्यावर ठेवला आणि मायेने दोनदा थोपटलं.

"नमे," ती म्हणाली.

नम्रता उठून उभी राहिली होती. खाटेपासून दोन पावलं कडेला.

"अगं, उठलीस का?" सोजरबाईचा हात तसाच हवेत राहिला होता. "आत्ताच आलीस नव्हं? एवढ्यात कुठं निघालीस?"

नम्रताने तोंड फिरवलं, डोळ्यांना ओढणी लावायला गेली तर ओढणी वारज्यातच राहिलेली.

"कुठे नाही," ती म्हणाली. "पाणी आणते तुला."

पाण्याचा तांब्या खाटेखालीच होता, भरलेला.